पूर्ण पैसे मोजून गेम घेतला, तरी आत दुकान कशाला?

ढगात_गोळी
गेल्या रविवारी सेलमध्ये एक गेम घेतला. नाव नाही घेत, उगाच फॅन लोक अंगावर येतील. छापील किंमत चार हजाराच्या वर, सेलमध्ये अडीच हजाराला पडला. ९० जीबी. आमच्याकडचं नेट बघता रात्रभर लावून झोपलो, सकाळी उठून बघतो तर ७१ टक्के. असो. संध्याकाळी एकदाचा चालू झाला तर पहिल्याच स्क्रीनवर 'स्टोअर'. पॉज केलं की 'स्टोअर'. मेलो तर म्हणे एक्सपी बूस्टर घ्या, लेव्हल लवकर वाढेल. अरे बाबा मी आत्ताच तर पैसे दिले ना! थाळी मागवावी आणि ताटात चटणी-कोशिंबिरीच्या जागी रेटकार्ड वाढलेलं असावं तसं झालं.

बरं, बूस्टर नाही घेतला तर काय होतं? १४ वरून १५ व्या लेव्हलला जायला दोन तास तेच ते चार डाकू मारत बसलो. मला तर दाट संशय आहे की गेम मुद्दाम हळू केलाय. रस्त्यात खड्डा पण त्यांनीच खणायचा आणि पलीकडे न्यायचे पैसे पण त्यांनीच घ्यायचे.

तर प्रश्न असा, की तुम्ही लोक गेमच्या आत पैसे देता का? दिले असतील तर कशासाठी? आणि कुठपर्यंत चालवून घ्यायचं? खरं खरं सांगा, इथे कोणाची बायको वाचत नाही.

खारीबटर
रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर.

मीनल_ठाणे
वाचते हं बायको :)

फुकट्या_नंबर_१
नका घेऊ ना मग. बंदूक लावलीय का कोणी? मी पाच वर्षं मोबाईलवर गेम खेळतोय, आजवर एक नवा पैसा दिलेला नाही. दुकानात शिरलं म्हणजे खरेदी केलीच पाहिजे असं काही नसतं, आमची आई तुळशीबागेत तीन तास फिरून रिकाम्या हाताने येते.

ढगात_गोळी
@फुकट्या, फुकटच्या गेमबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. त्यांनी दुकान लावावं, जत्रा भरवावी. मी अडीच हजार देऊन आत आलोय, मुद्दा तो आहे.

जुनी_कॅसेट
याचं मूळ बघायचं तर २००६ पर्यंत मागे जावं लागेल. बेथेस्डा कंपनीने ऑब्लिव्हियन या गेममध्ये घोड्याचं चिलखत विकायला काढलं, अडीच डॉलरला. नुसतं घोड्याचं चिलखत! तेव्हा अख्ख्या आंतरजालावर लोक हसले होते. आणि लोकांनी ते विकतही घेतलं, तिथेच माशी शिंकली. आज अडीच डॉलरला एखादी टोपी मिळाली तर लोक म्हणतात स्वस्त आहे.

आणि धागाकर्त्याला जी खड्ड्याची शंका आलीय ना, त्याचं सगळ्यात निर्लज्ज उदाहरण म्हणजे डंजन कीपर. मूळ गेम १९९७ चा, लाडका, आम्ही रात्री जागवल्यात त्याच्यावर. २०१४ साली ईए या गेम कंपनीने त्याची मोबाईल आवृत्ती काढली. त्यात जमीन खणणं हाच खेळ आहे, आणि काही दगड फोडायला चोवीस तास लागायचे. खरेखुरे, घड्याळातले चोवीस तास. थांबायचं नसेल तर रत्नं विकत घ्या. शेवटी ब्रिटनमधल्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने सांगितलं की याची 'फ्री' म्हणून केलेली जाहिरात दिशाभूल करणारी आहे.

खारीबटर
आलो. आता माझं ऐका, आणि दगड मारू नका.

तुम्ही सगळे मायक्रोट्रान्झॅक्शनच्या (म्हणजे गेमच्या आतल्या या छोट्या छोट्या खरेदीच्या) नावाने बोटं मोडताय पण आपण लहानपणी काय करत होतो? आमच्याकडे एसटी स्टँडच्या मागे व्हिडिओ गेम पार्लर होतं, पत्र्याचं शेड, आत तीन मशिनी आणि उदबत्तीचा वास. एक रुपयाला एक कॉइन. मुस्तफा! मेलं की स्क्रीनवर ९, ८, ७, ६ आकडे उलटे पळायला लागायचे आणि आपण खिसे चाचपायचो, मग मागे उभ्या असलेल्या पोराकडे बघायचो, दे ना रे उद्या देतो. ते काय होतं? तेच तर मायक्रोट्रान्झॅक्शन होतं. उलट जास्त वाईट, कारण घरी दळणाचे पैसे हिशोबाला द्यावे लागायचे.

रात्रपाळी
मुस्तफा!! डोळ्यात पाणी. त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स आहे हे मला कॉलेजला गेल्यावर कळलं.

सातारी_कंदी
पिवळी टोपीवाला मुस्तफा आणि त्याची धावत येऊन मारलेली लाथ. बाकीची पात्रं कोण घ्यायचं? उशिरा आलेली पोरं.

मीनल_ठाणे
आम्ही मुली बाहेरूनच बघायचो, आत गेलो तर पार्लरवाले काका 'कोणाला शोधतेस गं' विचारायचे. मला हॅना व्हायचं होतं. अजून राहिलंय.

खारीबटर
धागा भरकटवल्याबद्दल क्षमस्व पण मुद्दा गंभीर होता :)

निद्रानाश_४२
खारीबटर, उपमा गोड आहे पण पटत नाही. रुपया टाकला की सगळ्यांना तोच मुस्तफा मिळायचा. नगरसेवकाच्या पोराला जास्त दांडगा मुस्तफा आणि मला अशक्त, असं नव्हतं. आणि हात बसला की एका कॉइनमध्ये शेवटच्या लेव्हलपर्यंत जाणारे पण होते, आमच्या गल्लीत एक जण होता, त्याच्या मागे गर्दी जमायची आणि मालकाचं तोंड बारीक व्हायचं. म्हणजे खेळ आला की खर्च कमी होत जायचा. आता उलटं आहे, जितके जास्त दिवस खेळाल तितकी मागणी वाढते.

तुला उपमाच पाहिजे तर शाळेबाहेरच्या टपरीवरचा तो पुठ्ठा आठव. पुठ्ठ्याला चिकटवलेल्या छोट्या छोट्या पुड्या, चार आण्याला एक फोडायची. वरच्या बाजूला मोठं बक्षीस लटकवलेलं, प्लॅस्टिकचं विमान. निघायचं काय, तर शिट्टी नाहीतर अंगठी. विमानाचा नंबर टपरीवाल्याने आधीच काढून खिशात ठेवलाय असं आम्ही सगळे म्हणायचो आणि तरी रोज फोडायचो. गेममधला लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल ते माहीत नसताना पैसे देऊन उघडायची पेटी, तो पुठ्ठाच आहे.

जुनी_कॅसेट
निद्रानाश, +१. पुठ्ठा एकदम चपखल.

लेव्हल_लक्ष्मण
फरक इतकाच की आता पुठ्ठ्यावर नियम छापलेले असतात. गेन्शिन इम्पॅक्टचं गणित बघा, मी खेळतो आणि आवडतो मला गेम, म्हणून वैर नाही. पंचतारांकित पात्र निघायची शक्यता एका विशला (विश म्हणजे एकदा पुडी फोडणं) ०.६ टक्के, म्हणजे हजारात सहा. नव्वदाव्या विशपर्यंत एक तरी पंचतारांकित देणारच असा नियम आहे. पण ते तुम्हाला हवं तेच असेल असं नाही, साधारण निम्म्या वेळा दुसरंच कोणीतरी दात काढत बाहेर येतं. मग पुढच्या खेपेला मात्र हवं ते नक्की. म्हणजे नशीब फारच फुटकं असेल तर १८० विश. एक विश १६० प्रायमोजेमला, म्हणजे गेममधल्या चलनात. १८० गुणिले १६० म्हणजे २८,८००. शंभर डॉलरच्या पॅकमध्ये बोनस धरून ८,०८० येतात. चार पॅक. चारशे डॉलर, एका पात्रासाठी!! खेळून फुकट मिळतात ते वजा करा, पण ते महिनोन् महिने साठवावे लागतात.

आता हे गणित करायला मला कॅल्क्युलेटर लागला. बारा वर्षांचं पोरगं करणार आहे का? चलनं पण तीन-तीन. रुपयाचे क्रिस्टल, क्रिस्टलचे जेम, जेमचे विश. तिसऱ्या दुकानात पोचेपर्यंत आपण रुपये खर्च करतोय हेच विसरायला होतं.

फुकट्या_नंबर_१
लक्ष्मणराव, चारशे डॉलरमध्ये आमच्याकडे चांगली दुभती शेळी येते, दोन करडांसकट.

लेव्हल_लक्ष्मण
पण तिला सोनेरी पंख नसतात ना भाऊ.

मीनल_ठाणे
आता माझी गोष्ट. मी काही गेमर वगैरे नाही, पण या विषयात माझे पैसे गेलेत त्यामुळे बोलायचा हक्क आहे.

मे महिन्याची सुट्टी. मी ऑफिसात, मीटिंग चालू. फोनवर मेसेज, अमुक खात्यातून ७९९ रुपये गेले. पाच मिनिटांनी परत ७९९. मग ३९९. मला वाटलं झाला घोटाळा, कोणीतरी अकाउंट लुटतंय, मीटिंग सोडून बँकेला फोन लावत बसले. मग घरी फोन केला तर लेक (वय वर्षं दहा) अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, मी हिरे घेतले."

खरं सांगते, क्षणभर मला कपाटातली हिऱ्याची कुडीच आठवली. हिरे म्हणजे त्या गेममधलं चलन, हे नंतर कळलं.

नवऱ्याने कधीतरी त्या जुन्या फोनवर काहीतरी विकत घेताना कार्ड तिथेच राहू दिलं होतं आणि दर वेळी पासवर्ड विचारायचं बंद करून ठेवलं होतं. त्यामुळे पोराला वाटलं की बटण दाबलं की मिळतं. एका परीने बरोबरच आहे त्याचं. पण मला जे लागलं ते पैशाचं नाही. रात्री जवळ घेऊन विचारलं, का घेतलेस रे. तर म्हणाला व्हॅनमधली मुलं त्याला 'बॉट' म्हणतात. गेममध्ये आपल्या बाहुल्याला पहिल्यापासून दिलेले साधेच कपडे असतील तर तुम्ही बॉट. म्हणजे माणूस नाही, मशीन. त्याला एक जाकीट हवं होतं. जांभळं, पाठीवर पेटलेला लांडगा.

तर फुकट्याभाऊ, बंदूक कोणी लावत नाही हे खरं आहे. व्हॅन लावते.

रात्रपाळी
ताई, शेवटचं वाक्य... दंडवत.

फुकट्या_नंबर_१
मीनलताई, मी माघार नाही पण एक पाऊल मागे घेतो. आमच्या वेळी बुटांवरून चिडवायचे. मी सातवीपर्यंत स्लीपर घालून जायचो शाळेत.

तरी एक सांगू का. मी बीडकडचा. माझ्याकडे अकरा हजाराचा फोन आहे, पीसी नाही, कन्सोल तर लांबची गोष्ट. मला चार हजाराचा गेम कधीच परवडला नसता. बीजीएमआयसारखा गेम मी फुकट खेळतो, तोच मॅप, तीच बंदूक जी मुंबईतल्या श्रीमंत पोराकडे आहे. त्याच्या बंदुकीवर चमकी आहे, माझ्या नाही, पण गोळी तितकीच लागते. तो चमकीचे पैसे देतो म्हणून सर्व्हर चालतो आणि म्हणून मी खेळतो. तुम्ही सगळं बंद करा म्हणाल तर आधी माझा खेळ बंद होईल, तुमचा नाही. हे कोणी लिहित नाही म्हणून लिहिलं.

जुनी_कॅसेट
हे मात्र मान्य. डोटा २ मध्ये सगळे हीरो पहिल्या दिवसापासून सगळ्यांना मोकळे, पैसे घ्यायचे ते कपड्यालत्त्याचे. त्याच्यावर कोणाचा फारसा राग नाही. राग आहे तो ताकद विकण्यावर, आणि दोन्हीकडून पैसे घेण्यावर. २०१७ चं स्टार वॉर्सचं बॅटलफ्रंट २ आठवा. साठ डॉलरचा गेम, आणि डार्थ व्हेडर कुलपात! उघडायला ६०,००० क्रेडिट. लोकांनी हिशोब मांडला, एका हीरोला चाळीसेक तास लागतील. त्यावर ईएकडून रेडिटवर उत्तर आलं की खेळाडूंना हीरो मिळवल्याचा अभिमान आणि समाधान वाटावं हा उद्देश आहे. त्या उत्तराला साडेसहा लाखांच्या वर डाउनव्होट पडले, गिनेस बुकात नोंद झाली. आधी किंमत ६० वरून १५ हजारांवर आणली, मग गेम बाजारात यायच्या आदल्या रात्री आतली खरेदीच बंद केली. म्हणजे बोंब मारल्याने फरक पडतो.

टिंबटिंब
शाळेत आमचे सर पण गृहपाठ तिप्पट देऊन हेच म्हणायचे, समाधान वाटलं पाहिजे.

वाफाळता_चहा
बेल्जियमहून लिहितेय (अँटवर्पजवळ, नऊ वर्षं झाली). इथे एप्रिल २०१८ मध्ये गेमिंग कमिशनने सांगून टाकलं की फिफा १८, ओव्हरवॉच, सीएस:गो यांच्यातल्या पैसे घेऊन उघडायच्या पेट्या म्हणजे जुगार आहे आणि विनापरवाना आहे. ओव्हरवॉचने इथे पेट्या विकणं बंद केलं, पुढच्या जानेवारीत ईएने फिफा पॉइंट्स विकणं थांबवलं. २०२२ ला डायब्लो इमॉर्टल हा गेम आला तो इथे आणि नेदरलँड्समध्ये आलाच नाही. नेदरलँड्समध्ये ईएला दंड पण झाला होता, तो मात्र २०२२ मध्ये तिथल्या कोर्टाने रद्द केला. म्हणजे सीमेच्या अलीकडे जुगार आणि पलीकडे नाही, अर्ध्या तासाच्या अंतरावर.

प्रत्यक्षात? माझा मुलगा फुटबॉलचा गेम खेळतो, पॅक विकत घेता येत नाहीत म्हणून कुरकुरतो आणि खेळून मिळतील तेवढे उघडतो. मोबाईलवरच्या कित्येक गेममध्ये मात्र पेट्या बिनधास्त चालू आहेत, तिथे कोणी बघत नाही.

सातारी_कंदी
आपल्याकडे पण आला ना कायदा गेल्या ऑगस्टमध्ये?

लेव्हल_लक्ष्मण
ऑगस्ट २०२५ चा म्हणताय तो पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांबद्दल आहे. रमी, फँटसी क्रिकेट वगैरे. ई-स्पोर्ट्स आणि साधे गेम त्याने वेगळे काढलेत. पेटीतून निघतं ते जाकीट, रोख नाही, त्यामुळे मीनलताईंच्या लांडग्याला कोणी हात लावेलसं वाटत नाही.

कोड_आणि_कांदेपोहे
चार दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो. मी पुण्यात एका गेम स्टुडिओत साडेतीन वर्षं होतो. मोबाईल गेम, फुकटवाले. आता नाही. कंपनीचं नाव विचारू नका.

माझं काम दुकानाचा स्क्रीन. गेमचा नाही, दुकानाचा. सकाळी आल्यावर पहिला आकडा बघायचा तो म्हणजे काल किती जणांनी 'पहिल्यांदा' पैसे दिले. रक्कम महत्त्वाची नाही. माणसाने २९ रुपये दिले ना की त्याच्या मनातली भिंत पडते, पुढचे ४९९ तो तितका विचार करत नाही. म्हणून तुम्हाला पहिल्या दिवशी ती वेडी ऑफर दिसते, ८० टक्के सूट, फक्त २४ तास. ते घड्याळ प्रत्येकासाठी वेगळं चालू होतं, तुम्ही गेम टाकल्यापासून.

दुसरं, नाण्यांचे पॅक. वस्तू १२० ची, पॅक १००चा आणि २५०चा. दोन १००चे घेतले तर ८० उरतात, २५०चा घेतला तर १३०. बरोब्बर कधीच बसत नाही आणि बसू द्यायचं नसतं. खात्यात उरलेली नाणी म्हणजे दारात ठेवलेला पाय. किराणावाला सुट्टे नाहीत म्हणून गोळ्या देतो ना, तसंच, फक्त इथे गोळ्या त्याच्याच दुकानात चालतात.

तिसरं चाक. फिरतं, मोठ्या बक्षिसावर जवळजवळ थांबतं, आणि टुक करून पुढच्या घरात जातं. तुम्हाला वाटतं थोडक्यात हुकलं. काही हुकलेलं नसतं. तुम्ही बटण दाबलं तेव्हाच सर्व्हरने उत्तर दिलेलं असतं, पुढचं नुसतं नाटक. ते शेवटचं 'टुक' किती सावकाश व्हावं यावर आम्ही दोन दिवस घालवले होते. मीच केलं होतं ते. चांगलं झालं होतं.

आणि बहुतेक लोक काहीच देत नाहीत हे फुकट्यांचं बरोबर आहे. धंदा चालतो तो मूठभरांवर, त्यांना व्हेल म्हणतात. आम्हाला वाटायचं हे सगळे दुबईतले शेठ असणार. एकदा सपोर्टच्या मेलमध्ये अशाच एका मोठ्या गिऱ्हाइकाचा मेल आला, माझं अकाउंट कायमचं बंद करा, मला स्वतःला जमत नाहीये. पगार सांगितला होता त्याने. माझ्यापेक्षा कमी होता.

जुनी_कॅसेट
...

निद्रानाश_४२
कोड भाऊ, लिहिलंत ते बरं केलंत. स्किनरचं कबूतर वाचलं होतं मानसशास्त्रात, दाणा कधी येणार ते ठरलेलं नसेल तर ते टोचतच राहतं. आपण कबूतर आहोत हे ठाऊक होतं, दाण्यावर दोन दिवस मीटिंग होते हे नव्हतं माहीत.

खारीबटर
मी माझी मुस्तफावाली उपमा मागे घेतो. आमच्या पार्लरवाल्याला काही कळायचं नाही हो, तो फक्त उदबत्ती लावायचा आणि झोपायचा.

रात्रपाळी
एक प्रयोग करा सगळ्यांनी. प्ले स्टोअर उघडा, पेमेंट्समध्ये बजेट अँड हिस्टरी. खाली खाली सरकत जा. आणि इथे आकडा टाका, खोटं नको. मी आधी टाकतो. ६,२३०. निम्मे एका क्रिकेट गेममध्ये, बॅट विकत घेतली होती. खऱ्या बॅटपेक्षा महाग.

सातारी_कंदी
१,४८०. ठीक आहे म्हणायचं.

लेव्हल_लक्ष्मण
मला आकडा टाकायचा नाही. वैर नाही म्हणालो होतो ना, ते परत घेतो.

टिंबटिंब
शेळी का?

लेव्हल_लक्ष्मण
कळप.

फुकट्या_नंबर_१
०. पुरावा पाहिजे असेल तर स्क्रीनशॉट देतो. आता आमची आई अभिमानाने तुळशीबागेत जाऊ शकते.

ढगात_गोळी
धागा मीच काढला आणि मलाच सगळ्यात उशीर झाला, ऑडिट चालू होतं ऑफिसात. लोकहो, तुमच्या नादाने मी पण हिस्टरी बघितली. मी स्वतःला फार शहाणा समजत होतो, वर तशीच पोस्ट टाकलीय. ११,४६०.

सगळ्यात जुनी नोंद २०१५ ची, दहा रुपये. तेव्हाच प्ले स्टोअरवरची किमान किंमत दहा रुपयांपर्यंत खाली आली होती. तारीख बघितली आणि आठवलं, ताईचं लग्न, नाशिक, हॉलमध्ये मुहूर्ताची वाट बघत कोपऱ्यात खुर्चीवर बसलो होतो आणि गोळ्या फोडायच्या त्या गेममध्ये शेवटच्या तीन चाली कमी पडत होत्या. दहा रुपयांनी काय होतं म्हणून दाबलं. लेव्हल गेली का नाही ते नाही आठवत. अक्षता टाकायला मात्र उशिरा पोचलो एवढं नक्की, फोटोत मी पाठमोरा आहे.

मूळ प्रश्नाचं म्हणाल तर त्या अडीच हजाराच्या गेममध्ये २१ व्या लेव्हलला पोचलो, बूस्टर न घेता. मजा येत नाहीये. पण आता बंद केला तर अडीच हजार फुकट गेले असं वाटतं.

कोड_आणि_कांदेपोहे
त्याला पण आमच्याकडे एक आकडा होता :)

रात्रपाळी
मीनलताई, एक राहिलंच. त्या जाकिटाचं काय झालं?

मीनल_ठाणे
अहो काय होणार. तक्रार करून ३९९ परत आले, बाकीचे नाही. जूनमध्ये व्हॅनमधली सगळी पोरं दुसऱ्याच गेमवर गेली, याने पण हा काढून टाकला. परवा मी विचारलं, मग जाकीट कुठे आहे रे? म्हणाला सर्व्हरवर आहे, मोठा झालो की परत घालीन.

नवऱ्याचं म्हणणं, वाढत्या अंगाचं घ्यायला हवं होतं.

खारीबटर
हहपुवा (हसून हसून पुरेवाट).